'नोंदवली' म्हणजे कुठं नोंदवली?

सकाळचे दहा वाजायला पाच मिनिटं असतात. उद्याच्या गाडीचं, वातानुकूलित डब्यातलं तत्काळ तिकीट काढायचं असतं. घरातला एकजण मोबाइल हातात घेऊन, दुसरा संगणकासमोर अशी तयारी असते. दहाच्या ठोक्याला बटण दाबलं जातं. पडद्यावरचं चक्र गरगर फिरत राहतं. तेवढ्यात बँकेचा निरोप येतो की पैसे खात्यातून गेले. पण तिकिटाचा पत्ता नाही. मग आपण चिडून म्हणतो, 'साइट बंद पडली!' खरं तर साइट बंद पडलेली नसते, ती डोळ्यांसमोर दिसत असते. अडलेलं असतं ते तिच्या मागे कुठंतरी. आज मला या 'मागे'विषयी बोलायचं आहे, कारण माझी नोकरीची जवळजवळ सगळी वर्षं तिथंच गेली.

मी जे सांभाळतो त्याला 'मिडलवेअर' म्हणतात. सुरुवातीला आईला हे समजावून सांगायचा मी बराच प्रयत्न केला. सगळं ऐकून घेऊन ती म्हणाली, "म्हणजे अधलंमधलं काम." मला तेव्हा थोडा राग आला होता. आता वाटतं, याहून नेमकी व्याख्या मला कुठल्या पुस्तकात सापडली नाही.

आधी पोर्टल म्हणजे काय ते पाहू. मोठी कंपनी, बँक किंवा सरकारी खातं घेतलं तर त्यांच्याकडे एकच एक संगणक प्रणाली कधीच नसते. पगाराची प्रणाली एका काळात, एका कंपनीकडून घेतलेली. रजेची दुसऱ्या काळात. भांडार विभागाची तिसऱ्या. वैद्यकीय विम्याची तर बाहेरच्याच कुणाकडे. त्यांच्या भाषा वेगळ्या, तारखा लिहायच्या पद्धती वेगळ्या, नोकराला ओळखायचे क्रमांकही वेगळे. माणसानं या दहा दारांवर दहा पासवर्ड घेऊन फिरू नये म्हणून एक सामाईक दार बांधतात. ते पोर्टल. एकदा ओळख पटवायची आणि आत सगळं एका पानावर पाहायचं: उरलेल्या रजा, पगाराची पावती, विम्याचं कार्ड.

मात्र या दाराला स्वतःला फारसं काही माहीत नसतं. तुमच्या रजा किती उरल्या हे पोर्टलला ठाऊक नाही. ते रजेच्या प्रणालीला विचारतं आणि आलेलं उत्तर तुमच्यासमोर मांडतं. हे विचारणं, उत्तर आणणं, एकाची भाषा दुसऱ्याला समजेल अशी करणं, कोण विचारतोय आणि त्याला तो अधिकार आहे का हे तपासणं, आणि मध्येच वीज गेली तरी निरोप हरवू न देणं, हे सगळं मधल्या सॉफ्टवेअरचं काम. तेच मिडलवेअर.

ज्यांनी जुनी सरकारी कचेरी पाहिली आहे त्यांना हे सहज समजेल. टेबलावर एक आवक-जावक नोंदवही असायची. आलेल्या प्रत्येक कागदावर आवक क्रमांक पडायचा. शिपाई तो कागद संबंधित टेबलावर न्यायचा आणि वहीत सही घेऊन यायचा. सही नसेल तर कागद पोहोचला असं कुणी मानत नसे. साहेब रजेवर असले तर कागद थांबायचा, पण हरवायचा नाही. वहीत तो 'बाकी' म्हणून दिसत राहायचा. आता समजा असे लाखो कागद दररोज ये-जा करतात, आणि टेबलं एका इमारतीत नसून वेगवेगळ्या गावांत आहेत. तो शिपाई, ती वही आणि ती सही, तिन्ही मिळून मिडलवेअर होतं.

हा शब्द काही अलीकडचा नाही. १९६८ साली जर्मनीतल्या गार्मिश या गावी सॉफ्टवेअर या विषयावर एक मोठी परिषद झाली. तिच्या अहवालात अलेक्झांडर द'अगापेयेफ या ब्रिटिश तज्ज्ञानं काढलेलं एक चित्र आहे, टोकावर उलटा उभा असलेला पिरॅमिड. वरचा रुंद भाग म्हणजे लोकांच्या उपयोगाचे कार्यक्रम, खालचं टोक म्हणजे यंत्राच्या अगदी जवळचं सॉफ्टवेअर, आणि या दोहोंच्या मधल्या थराला त्यानं मिडलवेअर म्हटलं होतं. पुढच्याच वर्षी, १९६९ मध्ये, आयबीएमनं सीआयसीएस नावाची प्रणाली बाजारात आणली. तिची सुरुवात झाली अमेरिकेतल्या वीज-गॅस पुरवणाऱ्या कंपन्यांसाठी. ग्राहकाचा फोन आला की त्याचं खातं कर्मचाऱ्याच्या पडद्यावर ताबडतोब दिसावं, एवढीच गरज होती. ही प्रणाली आजही बँकांच्या आणि विमा कंपन्यांच्या मोठ्या संगणकांवर चालते. १९९३ साली आयबीएमचंच एमक्यू सिरीज आलं. निरोप आधी रांगेत सुरक्षित ठेवायचा आणि मग पलीकडचा तयार असेल तेव्हा पोहोचवायचा, ही त्याची रीत. म्हणजे शिपाई आणि आवक-जावक वहीच म्हणा ना.

आपल्याकडचं सगळ्यात चांगलं उदाहरण रेल्वेचं आहे. १९८० च्या दशकात रेल्वेचं आरक्षण संगणकावर आलं. दिल्ली, मुंबई, कोलकाता, चेन्नई आणि सिकंदराबाद अशी पाच केंद्रं उभी राहिली. प्रत्येक केंद्राकडे आपापल्या भागातल्या गाड्यांचा हिशेब. मुंबईच्या संगणकाला मुंबईच्या गाड्या ठाऊक. हावड्याहून चेन्नईला जाणाऱ्या गाडीत जागा आहे की नाही, याचा त्याला पत्ता नसे. त्या काळात परतीच्या किंवा पुढच्या प्रवासाचं आरक्षण करायचं तर तारा पाठवाव्या लागत आणि बर्थ मिळाला की नाही हे तिथं पोहोचल्यावरच कळे. सामान आणि मुलंबाळं घेऊन परक्या स्टेशनावर तारेच्या उत्तराची चौकशी करत उभं राहणं ज्यांनी अनुभवलंय ते विसरणार नाहीत.

यावर एक उपाय असा होता की पाचही केंद्रं मोडून एकच प्रचंड संगणक बसवायचा. रेल्वेच्या माहिती-तंत्रज्ञान केंद्रानं, म्हणजे 'क्रिस'नं, तसं केलं नाही. पाचही केंद्रं आपल्या जागी ठेवली आणि त्यांच्यामध्ये दुवा साधला. या प्रणालीचं नाव 'कॉन्सर्ट'. १९९९ साली पाचही केंद्रं एकमेकांशी जोडली गेली. निरोप पोहोचवण्याचं काम करत होतं रिलायबल ट्रॅन्झॅक्शन राउटर नावाचं मिडलवेअर. पुण्याच्या खिडकीवरच्या कारकुनानं हावडा-चेन्नईचं तिकीट मागितलं, तर ती मागणी ज्या केंद्राची ती गाडी आहे त्या केंद्राकडं जायची आणि उत्तर काही क्षणांत परत यायचं. कारकुनाला तर सोडाच, रांगेत उभ्या असलेल्या माणसालाही काही बदललंय असं जाणवलं नाही. फक्त तारा बंद झाल्या.

त्यानंतर तीन वर्षांनी, ३ ऑगस्ट २००२ रोजी, आयआरसीटीसीची इंटरनेटवरची तिकीटविक्री सुरू झाली. सुरुवातीला तिकीट घरी कुरिअरनं यायचं. स्वतः छापून घ्यायचं ई-तिकीट २००५ मध्ये आलं. आपल्या सगळ्यांच्या लक्षात राहिलं ते हे पोर्टल. पण मधला दुवा १९९९ मध्येच तयार होता म्हणून पोर्टल शक्य झालं. रेल्वेच्या दृष्टीनं ती आणखी एक खिडकी होती, एवढंच. तिच्या मागे तीच पाच केंद्रं होती. पुढं गर्दी वाढत गेली तशी खिडकी रुंद करावी लागली. २०१४ साली नवी ई-तिकीट प्रणाली आली, तेव्हा मिनिटाला दोन हजार तिकिटांची क्षमता सात हजार दोनशेवर गेली. खिडकी एवढी रुंद करायची तर मागचे रस्तेही रुंद करावे लागतात, नाहीतर गर्दी दारातून आत येऊन जिन्यात अडकते.

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे येतो. पैसे गेले आणि तिकीट मिळालं नाही, असं होतंच कसं? मिडलवेअरचा मूळ धर्म असा, की जोडीनं व्हायची दोन कामं एक तर दोन्ही व्हावीत, नाहीतर एकही होऊ नये. लग्न जमवणाऱ्या मध्यस्थासारखं हे आहे. तो आधी मुलीकडच्यांना विचारतो, तयार आहात ना? मग मुलाकडच्यांना विचारतो. दोन्हीकडून होकार आला की मगच सुपारी फुटते. एकाकडून जरी नकार आला, तरी दोघंही मोकळे. संगणकातही मधला मध्यस्थ आधी दोन्ही प्रणालींना 'तयार राहा' असं सांगतो आणि दोघांचा होकार आल्यावरच 'आता करा' असा हुकूम देतो.

पण ही व्यवस्था एका घरात चालते. रेल्वे आणि तुमची बँक या दोन स्वतंत्र संस्था. बँक आपलं खातं दुसऱ्या कुणाच्या होकारासाठी अडवून ठेवणार नाही. त्यामुळे बँक पैसे कापून मोकळी होते, आणि 'पैसे मिळाले' हा निरोप नेमका वाटेत अडकू शकतो. मग रोज दोन्हीकडच्या वह्या समोरासमोर ठेवून ताळा घेतला जातो आणि ज्याचे पैसे गेले पण तिकीट निघालं नाही त्याचे पैसे परत केले जातात. आपले पैसे दोन-चार दिवसांनी परत येतात ते या जुळवणीमुळे. यातच आणखी एक मेख असते. उत्तर आलं नाही म्हणून तोच निरोप पुन्हा पाठवला आणि आधीचाही पोहोचलेला असला, तर पैसे दोनदा जातील. म्हणून प्रत्येक मागणीला स्वतःचा क्रमांक देतात. त्याच क्रमांकाचा निरोप पुन्हा आला तर पलीकडचा म्हणतो, हा मला आधीच मिळालाय. आवक क्रमांकाचा उपयोग तो हाच.

आणि जो निरोप कितीही वेळा पाठवला तरी पलीकडचा घेतच नाही, त्याचं काय? पोस्टात पूर्वी 'डेड लेटर ऑफिस' असायचं. पत्त्यावर माणूस न सापडलेली पत्रं तिथं जायची. तिथले कर्मचारी ती उघडून, पाठवणाऱ्याचा पत्ता शोधून परत पाठवायचे. पुढं त्याचं नाव 'रिटर्न्ड लेटर ऑफिस' झालं. मिडलवेअरमध्येही अशी एक रांग असते आणि तिला आजही 'डेड लेटर क्यू' असंच म्हणतात. न पोहोचलेले निरोप तिथं जाऊन पडतात. फरक एवढाच की पोस्टातल्या त्या कचेरीत माणसं नेमलेली असायची. आमच्या रांगेवर कुणी नेमलेलं असेलच असं नाही. हे मी अनुभवानं सांगतोय, आणि तो अनुभव माझ्या चुकीचा आहे.

काही वर्षांपूर्वी मी एका मोठ्या कारखान्याचं कर्मचारी पोर्टल सांभाळत होतो. त्यावर एक सोय होती. घरात बाळ जन्मलं की त्याचं नाव विम्यात घालण्यासाठी अर्ज भरायचा. तो अर्ज मिडलवेअरमार्फत विमा कंपनीकडे जायचा. अर्जात काही रकान्यांपुढे तारा असायचा, म्हणजे तो रकाना भरल्याशिवाय अर्ज पुढे सरकत नसे. बाळाच्या नावापुढे असा तारा होता. कामगारांची तक्रार आली की बारशाआधी नाव कुठून आणायचं? तक्रार रास्त होती. मी तो तारा काढून टाकला. पाच मिनिटांचं काम. सगळे खूश झाले, आणि माझ्या त्या महिन्याच्या अहवालात 'वापरकर्त्यांच्या सूचनेनुसार सुधारणा' अशी एक ओळही गेली.

काही महिन्यांनी मनुष्यबळ विभागातून फोन आला. मशीन शॉपमधल्या एका कामगाराची मुलगी, जन्माला तीन आठवडेही झाले नव्हते, तापानं रुग्णालयात होती. बापानं तिसऱ्याच दिवशी अर्ज भरला होता. पडद्यावर आलेला निरोप त्यानं मोबाइलवर जपून ठेवला होता: 'आपली विनंती नोंदवली आहे.' रुग्णालयातल्या विमा खिडकीवर मात्र या नावाचं कुणीच सापडत नव्हतं आणि अनामत रक्कम आधी भरा असं सांगत होते. त्यानं मेव्हण्याकडून आणि शॉपमधल्या दोघांकडून उसने पैसे घेऊन ती भरली होती.

मी शोधायला बसलो. पोर्टलनं अर्ज घेतला होता. मिडलवेअरनं तो उचलला होता, विमा कंपनीच्या प्रणालीकडे नेला होता. तिथं नावाचा रकाना अजूनही सक्तीचा होता. रिकामं नाव पाहून तिनं अर्ज परत केला. मिडलवेअरनं शिस्तीप्रमाणे तीनदा प्रयत्न केला आणि मग तो डेड लेटर क्यूमध्ये ठेवून दिला. सगळ्या यंत्रांनी आपापलं काम अगदी चोख केलं होतं. मी ती रांग उघडली. आत त्रेचाळीस निरोप होते. त्यातले अकरा अर्ज बाळांचे होते. बाकीचे बदललेले पत्ते, बदललेले वारसदार. ती रांग पाहायचं काम माझ्या यादीत नव्हतं. दुसऱ्या कुणाच्याही यादीत नव्हतं.

त्या संध्याकाळी आम्ही ते सगळे निरोप हातानं पोहोचवले. विमा कंपनीनं नोंद मागच्या तारखेनं धरली, मुलगी बरी होऊन घरी गेली, पैसेही परत मिळाले. पंधरा दिवसांनी तो कामगार पेढे घेऊन माझ्या टेबलापाशी आला. आवाजात राग नव्हता, खरंच विचारत होता. म्हणाला, "साहेब, 'नोंदवली' म्हणजे कुठं नोंदवली होती?"

या प्रश्नानं मला माझं काम शिकवलं असं म्हटलं तरी चालेल. पोर्टलनं त्याला खोटं सांगितलं नव्हतं. अर्ज पोर्टलकडे नोंदवला गेला होता. पण त्याच्या दृष्टीनं पोर्टल म्हणजेच कंपनी, तेच विमा आणि तेच रुग्णालय. नंतर आम्ही दोन गोष्टी बदलल्या. नाव ठरलेलं नसेल तर रुग्णालयात लिहितात तसं 'बेबी ऑफ' आणि पुढे आईचं नाव, असं आपोआप भरलं जाऊ लागलं. विमा कंपनीनंही ते मान्य केलं. आणि पडद्यावरचा निरोप एकाऐवजी तीन टप्प्यांचा झाला: 'अर्ज मिळाला', 'विमा कंपनीकडे पोहोचला', 'विम्यात समावेश झाला'. शिवाय रोज सकाळी ती रांग कोण पाहणार, त्या माणसाचं नाव भिंतीवर लिहिलं गेलं. पहिलं नाव माझं होतं.

पोर्टल वाढवायचं असतं तेव्हा हा धडा फार कामी येतो. खिडकीवरचा बदल सोपा असतो आणि लगेच दिसतो, म्हणून तो आधी सुचतो. पण प्रत्येक बदलाच्या मागे जाऊन, त्या रस्त्यावर पुढं कोणकोण उभं आहे त्यांना विचारायला लागतं. दुसरा मोह याहून मोठा असतो. विकत घेतलेल्या पोर्टलचा आतला गाभाच आपल्या सोयीनं बदलायचा. फ्लॅट घेतला की काहीजण खोली मोठी करायला मधली भिंत पाडतात. कुठली भिंत नुसती आडोशाची आणि कुठलीवर वरचा मजला तोललाय, हे विचारतही नाहीत. काही वर्षं काही होत नाही. पोर्टलच्या गाभ्यात केलेले बदलही असेच काही वर्षं निवांत राहतात, आणि मूळ कंपनीची नवी आवृत्ती आली की तडे दिसायला लागतात. नवी आवृत्ती घ्यावी तर आपले बदल पुसले जातात. न घ्यावी तर जुनीची देखभाल बंद होते.

यावर उद्योगानं शोधलेला उपाय म्हणजे ठरावीक जोडण्या. २००३ साली 'पोर्टलेट' या पानाच्या छोट्या तुकड्यासाठी एक सर्वमान्य मानक आलं आणि २००८ मध्ये त्याची दुसरी आवृत्ती आली. कल्पना साधी होती. भिंत फोडून तार ओढू नका, भिंतीवरच्या सॉकेटमध्ये पिन घाला. रजेचा तुकडा वेगळा, पगाराचा वेगळा. एक काढला तर दुसरा बंद पडू नये. आज त्या तुकड्यांची नावं आणि तंत्रं बदलली आहेत, पण सॉकेटचा नियम तोच राहिला आहे.

हा नियम पाळणं का महत्त्वाचं, याचं आणखी एक कारण आहे. आपण ज्यांच्याकडून हे सॉफ्टवेअर घेतो त्या कंपन्या कायम त्याच राहतात असं नाही. वेबलॉजिक बनवणारी बीईए ही कंपनी २००८ मध्ये ओरॅकलनं सुमारे साडेआठशे कोटी डॉलरना विकत घेतली. आयबीएमचं वेबस्फिअर पोर्टल जगभरच्या बँका आणि सरकारी खाती वापरत होती. आयबीएमनं ते इतर काही उत्पादनांसोबत आपल्या नोएडातल्या एचसीएलला विकलं. तो सुमारे एकशे ऐंशी कोटी डॉलरचा व्यवहार २०१९ मध्ये पुरा झाला. मालक बदलतो, नाव बदलतं, पण त्याच्यावर चालणारा पगार पहिल्या तारखेला व्हायलाच हवा. ज्यांनी भिंती फोडल्या नव्हत्या त्यांना अशा वेळी निदान झोप लागते.

देखभालीची हेळसांड झाली तर काय होतं, याचा जगाला कायमचा लक्षात राहील असा दाखला २०१७ साली मिळाला. इक्विफॅक्स ही अमेरिकेत लोकांच्या कर्जफेडीच्या नोंदी ठेवणारी कंपनी. आपल्या नोंदीत चूक असेल तर तक्रार करण्यासाठी लोकांना तिनं एक पोर्टल दिलं होतं. ते अपाचे स्ट्रट्स नावाच्या सॉफ्टवेअरवर उभं होतं. मार्च २०१७ मध्ये त्यात एक भोक सापडलं आणि त्याच वेळी ते बुजवायचा उपायही सगळ्यांना फुकट उपलब्ध झाला. कंपनीत तशी सूचना फिरवली गेली. पण हे सॉफ्टवेअर आपल्याकडे नेमकं कुठंकुठं आहे हे शोधताना तक्रारीचं पोर्टल निसटलं. मे महिन्यात चोर त्या भोकातून आत शिरले आणि जुलैअखेरपर्यंत आत राहिले. ये-जा तपासणारं एक यंत्र होतं. पण त्याच्या प्रमाणपत्राची मुदत कित्येक महिन्यांपूर्वी संपली होती, म्हणून ते आंधळं झालं होतं. प्रमाणपत्राचं नूतनीकरण केलं आणि लगेच चोरी दिसली. तोवर सुमारे चौदा कोटी सत्तर लाख लोकांची माहिती गेली होती.

यात कुठलीही अद्भुत विद्या वापरलेली नव्हती, हे ध्यानात घ्या. एक दुरुस्ती करायची राहिली आणि एक प्रमाणपत्र नव्यानं घ्यायचं राहिलं. घरात कायकाय आहे याची यादी पुरी नव्हती. डिसेंबर २०२१ मध्ये लॉगफोरजे नावाच्या, नुसती रोजनिशी लिहिणाऱ्या एका छोट्या सॉफ्टवेअरमध्ये असंच भोक सापडलं. ते जगातल्या असंख्य प्रणालींच्या पोटात होतं. त्या दिवसांत आम्ही रात्र रात्र जागलो. पण बहुतेक वेळ ते बुजवण्यात गेला नाही. ते आपल्याकडे कुठंकुठं आहे, हे शोधण्यातच गेला. ज्यांच्याकडे यादी तयार होती ते दुसऱ्या दिवशी घरी जाऊन जेवले.

एरवी आमचं काम अगदी घरगाड्यासारखं असतं. कुठल्या प्रमाणपत्राची मुदत कधी संपते ते पाहायचं. नोंदींनी भरत आलेली जागा रिकामी करायची. चार सर्व्हर असतील तर एकेकाला बाजूला घेऊन दुरुस्त करायचं, म्हणजे खिडकी बंद ठेवावी लागत नाही. नवा बदल आधी नकलेवर चालवून पाहायचा. आणि बदल फसला तर मागं कसं यायचं, हे पुढं जाण्याआधी लिहून ठेवायचं. यातलं काही दिसत नाही. नव्या रंगाचं पोर्टल आलं की उद्घाटन होतं, नारळ फुटतो. रांग साफ ठेवल्याबद्दल नारळ फोडल्याचं मी तरी पाहिलं नाही. म्हणून पैसे कमी करायची वेळ आली की पहिली कात्री इथं लागते, आणि तिचा परिणाम वर्षा-दोन वर्षांनी दिसतो, तोही कुणा तिसऱ्याच माणसाच्या घरी.

ज्यांच्या हातात असे निर्णय असतात, त्यांना माझी विनंती आहे की नव्या पोर्टलचं सादरीकरण पाहताना एकच प्रश्न विचारा: न पोहोचलेले निरोप कुठं जातात आणि रोज सकाळी ते कोण पाहतं? उत्तरात माणसाचं नाव आलं नाही, तर पुढची चित्रं पाहू नका.

आणि आपल्यासारख्या खिडकीच्या अलीकडे उभ्या असणाऱ्यांनी काय करावं? फार काही नाही. अर्ज क्रमांक लिहून ठेवा; तो तुमचा आवक क्रमांक आहे आणि पलीकडचा माणूस तुमचा कागद त्याच्यावरूनच शोधू शकतो. पैसे गेल्यावर घाईनं बटण पुन्हा दाबू नका, आधी पहिल्या व्यवहाराचं काय झालं ते पाहा. आणि विमा, वारसदार, निवृत्तिवेतन अशा गोष्टींत 'नोंदवली आहे' एवढ्यावर थांबू नका. आठवड्यानं पुन्हा आत जाऊन बदल खरोखर दिसतो का ते बघा. दिसत नसेल तर फोन करा आणि त्या कामगारानं विचारलं तसंच विचारा, कुठं नोंदवली?

ती मुलगी आता शाळेत जाते. तिचं नाव नंतर काय ठेवलं हे मला पोर्टलवरूनच कळलं. बापानं बारशाच्या दुसऱ्याच दिवशी 'बेबी ऑफ'च्या जागी खरं नाव घालायचा अर्ज भरला होता. तो विमा कंपनीकडे पोहोचला का, हे मी स्वतः जाऊन पाहिलं.

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)